गिल-सॉपचा झाकलेला भात

प्यो गिल-सॉप आमच्या गुनसान बंदरात सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. बावीस वर्षं त्याने नट्यांचे गाल आणि मारामारीतलं रक्त रंगवलं, आणि यातून तुला काय म्हणायचंय, असं त्याला कुणी कधी विचारलं नाही. बोलायला तर असा की चहा हवा की कॉफी एवढं सांगतानाही कानांपर्यंत लाल व्हायचा. माझं चहाघर थिएटरच्या समोरच, जिना चढून वर. दुपारी रंगाने माखलेल्या विजारीत तो येऊन खिडकीपाशी बसायचा.

अठ्ठ्याहत्तर सालच्या शरदात एकदा तो म्हणाला, "मादाम, तुमच्या भिंती द्याल का? आठवडाभर."

"भिंती घेऊन काय करतोस?"

"चित्रं लावीन म्हणतो. माझी."

चहाघरात चित्रं लागणं आमच्याकडे नवं नव्हतं. शाळेतले चित्रकलेचे मास्तर दरवर्षी डोंगर आणि धबधबे लावायचे. गिल-सॉपने चार चित्रं आणली. त्यांत डोंगर नव्हता. एकात ओहोटीच्या चिखलात अर्धा रुतलेला रबरी बूट. दुसऱ्यात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर पक्ष्यांसाठी राखलेलं एकच तेंदूफळ, लालभडक. तिसऱ्यात रानबदकांची रांग. आणि चौथ्यात खालून तापवलेल्या जमिनीवर अंथरलेल्या रजईखाली झाकून ठेवलेलं पितळी भांडं. रजईचं टोक जरासं वर उचललेलं, आत भांड्याच्या झाकणाची चकाकी.

ते बघताच मी आधी जिन्याकडे नजर टाकली. ज्याची वाट बघायची त्या माणसासाठी घरोघरी आया असा भात रजईखाली ठेवतात. गिल-सॉपची आई तो कुणासाठी ठेवते हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. थोरला भाऊ गिल-ह्वान उत्तर-दक्षिण कोरियाच्या लढाईत, एकोणिसाव्या वर्षी, माघार घेणाऱ्या कम्युनिस्ट सैन्यामागून उत्तरेकडे गेला. गेला की नेला, देव जाणे. पण पोलिसांच्या कुठल्यातरी फायलीत धाकट्याच्या नावाला त्याचं नाव चिकटलं ते चिकटलंच. गिल-सॉपला रेल्वेत घेतलं नाही, बोटीवर चढायचा परवाना दिला नाही. म्हणून तो बोर्ड रंगवत राहिला.

"हे नको लावूस," मी म्हणाले.

"का? भाताचं भांडं तर आहे."

"मला शिकवतोस? काढ ते."

"मादाम," तो खाली बघत म्हणाला, "हे काढलं तर बाकीची तीन कशाला लावू?"

मी हट्ट धरायला हवा होता. नाही धरला.

शनिवारी दुपारी वीसेक माणसं जमली. थिएटरचा मॅनेजर, मासळीबाजारातल्या दोन बायका, गिल-सॉपची बायको सणासुदीचा नवा हानबोक झगा घालून. आणि कोपऱ्यातल्या टेबलाशी तपकिरी जाकिटातला एक माणूस, ज्याला मी ओळखत नव्हते. अंड्याचा बलक घातलेली कॉफी मागवून त्याने ती तशीच ठेवली होती. शेजारी वही.

गिल-सॉप उभा राहून अडखळत बोलू लागला. बूट कुठे सापडला, तेंदूफळ कुणाच्या परसातलं. हळूहळू त्याला सूर सापडला. इतकं सलग बोलताना मी त्याला पहिल्यांदाच ऐकत होते.

"मास्तर," जाकिटवाला त्याला अदबीने म्हणाला, "ही बदकं कुठे निघालीत?"

उत्तरेला म्हटलं तर काय होईल, ते खोलीत सगळ्यांना कळलं.

"दक्षिणेला, साहेब. खाली भाताची कापणी झालेली दिसते ना? शरद आहे. शरदात ती इकडेच येतात."

"बरं. आणि हे फळ लालच का?"

"पिकलंय म्हणून," मासळीवाल्यांतली एक म्हणाली. "हिरवं काढलं तर पोटात दुखेल पाखरांच्या." दोघीतिघी हसल्या. जाकिटवाल्याने मान वर न करता तेही लिहून घेतलं, तसं हसणं बंद झालं.

"आणि हा भात? कुणासाठी?"

गिल-सॉपच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. काउंटरमागे माझ्या हातात बश्या होत्या. त्या मी खाली ठेवल्या.

"बाबांसाठी," तो म्हणाला. "गोदीत कामाला होते. उशिरा यायचे."

सोमवारी सकाळी जाकिटवाल्याच्या माणसांनी शिडीवरूनच त्याला उतरवून नेलं. समोरच्या बोर्डावरच्या नटीला एकच डोळा रंगवलेला होता. मी दुपारच्या आत चारही चित्रं उतरवून कोळशाच्या वड्यांमागे लपवली. मंगळवारी ते आले तेव्हा त्यांचं विचारून व्हायच्या आधी मीच ती ओढून बाहेर काढून दिली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बुधवारी त्याची बायको धापा टाकत जिना चढून आली. "ताई, सासूबाईंना बोलावलंय. उद्या. भाताचं विचारणार."

"मग गिल-सॉपच्या बाबांसाठी, असं म्हणू देत."

"त्यांना खोटं येतं का? शेजारणीचा हंडा त्यांच्या हातून फुटला तर आपणहून सांगायला जातात! तुम्ही चला बरोबर. तुमचं ऐकतील."

गुरुवारी मी गेले तेव्हा म्हातारी आरशापुढे बसून केसांचा अंबाडा बांधत होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, कमरेत वाकलेली.

"आजी, एवढंच म्हणायचं, भात नवऱ्यासाठी ठेवायचे. ते उशिरा यायचे."

"तो?" अंबाड्यात काटा खोचत ती म्हणाली. "तो दिवेलागणीच्या आत पानावर हजर असायचा. उशीर कसला!"

"आजी, तुमच्या पाया पडते."

"चल, वेळ होईल."

बसमध्ये तिने माझा हात धरला होता. जिथे बोलावलं होतं त्या इमारतीवर पाटी नव्हती. आत एका खोलीत गिल-सॉप खुर्चीवर बसला होता. अंगावर मार दिसत नव्हता, पण डोळे चार दिवस मिटलेलेच नाहीत असे. टेबलावर कागदांचा गठ्ठा. चार चित्रं कशी सुचली, हे त्याच्याकडून अकरा वेळा लिहून घेतलं होतं. अकरा कागदांत कुठे फरक पडतो का, हे तो जाकिटवाला बोट ठेवून बघत होता.

"बसा, आजी. तुम्ही रजईखाली भात ठेवता?"

"ठेवते."

"कुणासाठी?"

गिल-सॉपने डोळे मिटले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातली एकच तारीख पुन्हा पुन्हा वाचत होते.

"घरी न आलेल्यासाठी," म्हातारी म्हणाली.

"म्हणजे कोण? नाव सांगा."

तिने बोट उचललं आणि समोर रोखलं. "हा. प्यो गिल-सॉप. सोमवारपासून रोज संध्याकाळी याचा भात ठेवते आणि सकाळी गार झालेला मी खाते. तुम्ही सोडा याला, म्हणजे ठेवणार नाही."

"आणि त्याच्या आधी?"

"आधी याचा बाप होता, दीर होता, मी होते. माझ्या घरात माणसं काय कमी होती? तुमची आई ठेवत नव्हती का?"

मला वाटलं, आता आम्हा तिघांनाही इथेच ठेवणार. मग जाकिटवाल्याने गठ्ठ्याचे कोपरे जुळवले आणि एक कोरा कागद पुढे सरकवला. विचारल्याशिवाय पुन्हा चित्रं लावणार नाही, असं लिहून खाली अंगठा दे, असं गिल-सॉपला म्हणाला. का सोडलं, ते मला आजही माहीत नाही. कदाचित त्याला हवं ते मिळालं नसेल. कदाचित जेवायची वेळ झाली असेल.

बाहेर रस्त्यावर आल्यावर गिल-सॉप भिंतीला धरून ओकला. म्हातारीने त्याची पाठ चोळली. "खोटं नाही हं बोलले," ती मला म्हणाली, जणू मीच तिला पकडलं होतं.

चित्रं परत आली नाहीत. थोरल्याची बातमीही आली नाही. दोन वर्षांनी, हिवाळ्याच्या तोंडावर कोबीचं लोणचं घालायच्या दिवसांत, आजी गेल्या. गिल-सॉप बोर्ड रंगवत राहिला. माझ्या चहाघरात यायचा, पण आता भिंतीला पाठ लावून बसायचा आणि जिन्यात पाऊल वाजलं की कप खाली ठेवायचा. चित्रं उतरवून दिल्याबद्दल त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. त्याने विचारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या अटकेनंतर नऊ वर्षांनी, लष्कराची पकड सैल होऊन देशात वारं बदललं तेव्हा, त्याने माझ्याकडे पुन्हा भिंती मागितल्या. या वेळी सहा चित्रं होती, पाण्याची आणि दारांची. त्या दुपारी एका मुलीने हात वर केला. "मास्तर, हे बंद दार तुम्हाला कुठून सुचलं?"

तो उत्तर देण्याआधी काउंटरपाशी आला आणि माझ्या कानाशी वाकला. "मादाम, ती कोण आहे?"

"मुलींच्या शाळेत शिकवते. माझ्या ओळखीची आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्याने घाम पुसला आणि परत चित्रापाशी गेला. बोलायला लागला, आधी अगदी हळू, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं. तो बोलेपर्यंत मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले आणि खाली बघत राहिले.