घोट्याजवळचा करंट

आमच्या शेजारच्या काकांना छावणी ते बिडकीन रस्त्यावरची प्रत्येक मुतारी नावानिशी ओळखते. लघवी धरवत नाही, म्हणून दहा वर्षांत ते बहिणीकडे पिशोरला गेले नाहीत. एवढ्या काळात माणूस चंद्रावर जाऊन सासुरवाडी करून येतो!

सध्या दर मंगळवारी दवाखान्यात घोट्याजवळ सुई टोचून लघवीवर ताबा यावा म्हणून अर्धा तास तिथल्या नसेला हलका करंट घेतात.

"फरक?" मी विचारलं.

"लई नाय. तासाला चारदा जायचो, आता दोनदा."

काल दवाखान्याच्या आठव्या खेपेनंतर ते दमून पायरीवर बसले आणि बहिणीला फोन लावला. "अक्का, रविवारी येतो. पण वाटेत तीनदा उतरीन, मागची गाडी धरीन. उशीर व्हईल, तू जेवून घे."

पलीकडून आवाज आला, "दहा वर्षं वाट पाह्यली, मेल्या. तीन गाड्यांचं काय सांगतो?"