चुन्याचे अकरा गोल

कातळावर चुन्याने गोल काढायची अक्कल माझीच. बेडकांची मोजणी करणाऱ्या ज्या मंडळींनी मला हे काम दिलं होतं, त्यांनी सुतळी बांधा, चिठ्ठ्या लावा असं सुचवलं होतं. पण आमच्याकडच्या पावसात चिठ्ठी टिकते कुठे? मी वीस वर्षं बारावीला जीवशास्त्र शिकवते आहे आणि मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. हा माझा जुना रोग आहे.

माझं सासर नागावच्या मागे, डोंगराला टेकून आहे. समुद्र इतका जवळ असूनही आमचे गणपती समुद्रात जात नाहीत, ओढ्याच्या कोंडात जातात. कोंड म्हणजे ओढ्यातला खोल डोह. तिथे उतरणारी वाट शेवटी वीस-पंचवीस पावलं उघड्या कातळावरून जाते आणि त्या कातळावरून पावसाळाभर पाणी झिरपत असतं. आमचा बेडूक तिथेच वाढतो.

दिसायला काही खास नाही तो. तपकिरी, अंगठ्याएवढा, पाचोळ्यात बसला तर पायाखाली येईपर्यंत कळत नाही. पण त्याची पिल्लं डबक्यात राहत नाहीत. मादी ओल्या दगडावर अंडी घालते आणि पिल्लं तिथेच, कागदाच्या जाडीच्या पाण्यात, दगडाला पोटाने चिकटून शेवाळ खरवडत मोठी होतात. शेपूट लांबलचक, मागचे पाय लवकर फुटतात आणि बोट जवळ नेलं की टुणकन उडी. पहिल्यांदा ती उडी पाहिली तेव्हा मी एकटीच मोठ्याने हसले होते. हा बेडूक सह्याद्रीच्या आपल्या बाजूलाच सापडतो आणि जिथे सापडतो तिथेही आता कमी होत चालला आहे. मी आमच्या डोंगरावरचे चारही ओढे पालथे घातले. पिल्लं फक्त या एका कातळावर होती.

तिथे दाटीच्या अकरा जागा मला सापडल्या. चुना पिल्लांनाही बाधतो, म्हणून प्रत्येक जागेभोवती, ओल संपते तिथे कोरड्या दगडावर मी गोल काढले. दर दोन दिवसांनी जायचं, पावसाने पुसलेले गोल पुन्हा काढायचे, वाकून मोजायचं आणि वहीत आकडा लिहायचा. सातव्या गोलात एकोणीस, अकराव्यात तेवीस.

गावात यावर टिंगल सुरू झाली होतीच. वरच्या आळीतले काका, ज्यांच्या शब्दावर गावकी चालते, त्यांनी एकदा भर पारावर विचारलं, "काय बाई, कॉलेजात पोरं कमी पडली का, बेडकं मोजाया लागलात?" सगळे हसले. मीही हसले, पण मनात धरून ठेवलं. गणपतीआधी गावचं श्रमदान असतं, कोंडाची वाट साफ करतात, हे मला माहीत होतं. काकांना आधी भेटून सांगायला हवं होतं. पण म्हटलं, शनिवारी सांगू, श्रमदान रविवारी आहे. खरं सांगायचं तर त्या माणसापुढे विनंती करायला जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

शुक्रवारी दुपारी कॉलेजातून आले तर आळीत पुरुष दिसेनात. जावेला विचारलं. ती पुरणाची डाळ निवडत होती. वर न पाहता म्हणाली, "मुंबईची मंडळी कालच रेवसच्या बोटीनं आली ना, मग आजच उरकतायत श्रमदान." मी पर्स तिथेच टाकली आणि धावत सुटले.

ओढ्याजवळ पोचायच्या आधीच आवाज आला. तारेचा ब्रश दगडावर घासल्याचा, खर्रखर्र, एकाच वेळी चार-पाच ठिकाणचा. झाडीतून बाहेर आले आणि समोर पाहिलं, तर माझे गोल तसेच होते. आतला दगड मात्र घासून पांढराफटक केलेला होता. पहिला, दुसरा, चौथा, सातवा, पार दहाव्यापर्यंत. एवढं नेटकं काम की रेषेबाहेर ब्रश गेलेला नव्हता.

काका खालच्या खडकावर बसले होते. मला पाहून चक्क उभे राहिले.

"बाई, तुमी खुना करून ठेवल्यात त्यानं लई सोपं झालं बघा. परवा मी चुना घेऊन आलो तं सगळं झालेलं. माझे गुडगे न्हाय राहिले आता वर चढाया. म्हटलं, बाईंनी ध्यानात ठेवलं आमचं."

मला काही कळेना. मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या दिराने सांगितलं तेव्हा उलगडा झाला. श्रमदानाआधी काका कातळावर फिरतात, पाय सटकेल तिथे चुन्याची खूण करतात आणि माणसं तेवढंच घासतात. वर्षानुवर्षांची पद्धत. आम्ही बायका त्या दिवसांत फराळात गुंतलेल्या. साफ झालेल्या वाटेवरून मी वीस वर्षं गणपतीमागे चालले, पण ती कोण साफ करतं, कशी करतं, एकदाही विचारलं नाही. दरवर्षी खराट्याने वरवर घासायचे. या वर्षी तारेचे ब्रश आले होते, कारण गेल्या वर्षी इथेच काकांचा मुलगा गणपती डोक्यावर घेऊन घसरला होता. त्याचं मनगट मोडलं आणि मूर्तीचा हात निखळला. त्या घरात वर्षभर कुणी मोकळेपणाने हसलं नव्हतं.

आणि आता विहिरीत टाकायच्या ब्लीचिंग पावडरीची बादली कालवून तयार होती. काकांचा मुलगा ती घेऊन कातळाच्या माथ्यावर चढत होता. तिथून ओतली की पाणी सगळ्या दगडावरून खाली येणार, अकराव्या गोलावरून आणि जिथे मी खूण केलीच नव्हती तिथूनही. अकरावा गोल अजून घासायचा राहिला होता.

"ओतू नको!" मी ओरडले. असा आवाज मी वर्गातही कधी काढला नाही.

ब्रश थांबले. मी सांगितलं. खुणा माझ्या आहेत, पण घासायला नाहीत, वाचवायला आहेत. आत पिल्लं होती. दहा गोलांतली गेली.

काकांचा चेहरा उतरला. त्यांना बेडकांचं काही वाटलं नसावं. मी त्यांच्या गुडघ्यांसाठी काही केलेलं नव्हतं, हे त्यांना लागलं.

"आमच्या पोराचा हात मोडला, तवा तुमी मोजाया आल्या न्हाईत," ते म्हणाले. "आन खुना करायच्या व्हत्या, तर मला इचारायचं. मी मेलो नव्हतो."

मी एवढंच म्हटलं, "चुकलं माझं. पण ते ओतू नका. वाटेवर गोणपाटं अंथरू, दोर बांधू. सगळ्यात सटकती जागा आहे तिथे मी स्वतः उभी राहीन, शेवटचा गणपती जाईपर्यंत."

"आन कोन पडलं तर?"

"तर पुढच्या वर्षी पावडर तुम्ही टाका. बादली मी धरीन."

काका बराच वेळ मुलाकडे बघत राहिले. मुलगा बादली घेऊन माथ्यावर तसाच उभा. शेवटी काकांनी हाताने खूण केली आणि त्याने ती खाली ठेवली.

आमच्या गावचे सगळे गणपती गौरींबरोबर जातात. त्या दिवशी दुपारपासून झड लागलेली. गोणपाटं भिजून जड झाली होती. मी मधल्या वळणावर दोर धरून उभी राहिले. अकरावा गोल माझ्या उजव्या पायाशी होता. चुना धुऊन गेलेला, पण मला जागा पाठ होती. एकेक गणपती यायचा, मी श्वास धरायची, तो खाली पोचला की सोडायची. कुणी माझ्याकडे बघून बोलत नव्हतं. देवाचं नाव घेत होते आणि पायाखाली बघत होते. एक म्हातारा अर्ध्यात थांबला तेव्हा मी मनातल्या मनात त्याच्यावर भयंकर चिडले.

शेवटी काकांच्या घरचा आला. मुलाने हट्टाने स्वतःच डोक्यावर घेतला होता. काका खाली कोंडाच्या काठाशी दोराचं टोक धरून उभे. मुलगा माझ्यापासून हातभर अंतरावर आला आणि त्याच्या पायाखालचं गोणपाट सरकलं. तो गोलाच्या बाजूला कलला. त्याला धरायचं तर मला पाय त्या गोलात टाकायला हवा होता.

मी थांबले. अगदी क्षणभर, पण थांबले.

मग पाय टाकला, दोन्ही हातांनी त्याचा दंड पकडला आणि सगळा भार अंगावर घेतला. मूर्ती डुलली, सावरली. मुलगा सावरला. खालून आरोळी उठली. गणपती वाजतगाजत पाण्यात गेला, मला मात्र गोलातला पाय बराच वेळ उचलवेना, खाली बघावं लागलं असतं.

सकाळी वही घेऊन गेले. तेविसांतली नऊ राहिली होती. घासायचं सुटलेल्या खाचांमध्ये, जिथे मला कधी काही दिसलं नव्हतं, तिथे आणखी थोडी सापडली. मी मोजत असताना मागून काठीचा आवाज आला. काका ते गुडघे घेऊन वर चढून आले होते. धापा टाकत माझ्याशेजारी बसले.

"दावा," म्हणाले.

मी दाखवलं. त्यांनी बोट जवळ नेलं आणि एक पिल्लू टुणकन उडालं. ते दचकले, मग हसले. काठी मांडीवर घेऊन कोंडाकडे वळले.

"काल तुमी पाय टाकाया येळ लावलात बाई. मी खालून बघितलं."

"हो," मी म्हटलं.

"मी पन लावला व्हता. त्या दिशी, बादली ठेव म्हनाया."

मग त्यांनी विचारलं की पुढच्या वर्षी खुणा करायला आपण कधी यायचं. मी म्हटलं, तुम्ही सांगाल तेव्हा.