वेगळी चूल

वडवणी-बीड एसटीत शेजारी बसलेल्या त्या बाईचं नाव विचारायचं राहूनच गेलं. कामासाठी मी लॅपटॉपसोबत आलेलं पायथन या प्रोग्रामिंग भाषेचं जुनं व्हर्जन काढून नवं टाकलं होतं, अन् आता लॅपटॉपवरच्या निम्म्या गोष्टी उघडतच नव्हत्या. माझा चेहरा बघून तिनं बांगड्या कोपराकडं सारल्या, लॅपटॉप मांडीवर घेतला.

“जुनं कावून काढलं? त्याच्यावर सगळं घर चालतंय. तुमच्या कामाला वेगळी चूल मांडा की.”

जुनं परत बसवून तिनं नवं पायथन अन् त्याला लागणारी जोड-सॉफ्टवेअरं माझ्या फोल्डरात निराळी ठेवली. दोन्ही सुरू झाली.

“चूल वेगळी केली म्हंजी भांडण न्हाई,” म्हणत ती उतरली.

घरातून निघून बायकोसोबत बीडला वेगळी खोली घेतोय, हे आईला सांगायचं मी टाळत होतो. लगेच फोन लावून सांगून टाकलं.

आई म्हणाली, “मग शेगडी इथूनच ने.”