शीलाच्या हातचं पाणी

मुखेडच्या बाजारात घण मारणाऱ्या बायकांचं कुणाला नवल नव्हतं. शीलाही लग्न होऊन आली तेव्हापासून नवऱ्यासमोर उभी राहून घण मारत आली होती. कोळसा फोडायचा तिनं, भट्टीचा पंखा फिरवायचा तिनं. एक काम मात्र तिच्या वाट्याला कधी आलं नाही. घडवलेल्या कोयत्याला पाणी द्यायचं, म्हणजे लालबुंद पातं एकदम थंड करून कडक करायचं, ते या घरात पुरुषच करत. सासरा पिराजी ठासून सांगायचा, "बाईनं दिलेलं पाणी पात्याला धरत न्हाई."

मग शीलाचा नवरा काविळीनं गेला. पिराजीच्या डोळ्यांना आता आगीचा रंग कळत नव्हता. राहिला धाकटा दीर व्यंकट. त्यानं भट्टी विझवली आणि ग्राइंडर आणला. पत्रा कापायचा, मशिनवर घासायचा, झाला चकचकीत कोयता. उसाच्या फडात गेला की दुपारच्या आतच त्याची धार मुडपायची.

"भाऊजी, भट्टी मी चालवते," शीला म्हणाली.

"अन् पाणी कोण देणार?"

"मीच."

व्यंकट खो खो हसला. पिराजी हसला नाही. "मी जित्ता हाय तवर न्हाई," एवढंच बोलून तो आत गेला.

शीलानं नवऱ्याची ऐरण आणि पंखा उचलला आणि बाजारातच, व्यंकटच्या दुकानासमोरच्या लिंबाखाली स्वतःची भट्टी घातली.

ऊसतोडीच्या टोळ्या लातूरकडच्या कारखान्यांवर निघायचे दिवस होते. ट्रकच्या कमानीचे जुने पाटे आणून शीलानं कोयते घडवले. घडवणं तिच्या हातात मुरलेलंच होतं. पाणी देताना मात्र ती बावरली. कच्चं राहिलं तर सगळे हसतील, या भीतीनं तिनं पातं पिवळंधमक होईस्तोवर तापवलं आणि अख्खं गार पाण्यात खुपसलं. वर कानस फिरवून पाहिली, तर कानस नुसतीच सरकली. इतकं कडक! शीला हरखून गेली.

पहिला कोयता नेला तो रुक्मिणबाईनं. ऊसतोडीत जन्म गेलेली, तोंडाची फटकळ बाई. फडावर जायच्या आधी तिनं तो बांधावरच्या बाभळीवर चालवून पाहिला आणि तशीच तरातरा बाजारात आली. धारेचा मोठा टवका उडाला होता.

"ए माय, ह्यो कोयता हाय का काचंचा तुकडा?"

माणसं जमली. समोरून व्यंकट ओरडला, "म्या म्हनलं न्हवतं? बाईच्या हातचं पाणी हाय त्ये!"

शीलाची कानशिलं तापली. क्षणभर वाटलं, पदर तोंडावर घ्यावा आणि उठून जावं. पण तिनं पदर कमरेला खोचला, कोयता ऐरणीवर आडवा धरला आणि घणाचा एक घाव घातला. पातं ताडकन तुटलं. तुटलेली बाजू तिनं सगळ्यांपुढं धरली. आतून साखरेसारखे जाड दाणे दिसत होते.

"बघा नीट. चूक माझीच हाय. लई तापवलं म्हणून दाणा जाड झाला. पाणी दिल्यावर परत शेक द्यायचा, त्योबी दिला न्हाई. म्हणून फुटलं. ह्यात बाईमाणसाचा काय संबंध? भाऊजींनी असंच तापवलं असतं तर त्यांचंबी फुटलं असतं." मग ती रुक्मिणबाईकडं वळली. "बस इथं. तुझ्यादेखत दुसरा करते."

रुक्मिणबाई दगडावर बसली. गर्दीही हलेना.

या खेपेला शीलानं घाई केली नाही; समोर घण मारताना पाहिलेलं नवऱ्याचं पाणी देणं ती एकेक आठवत गेली. पातं पिकल्या बोराच्या रंगाला आलं, तसं तिनं जुन्या स्पीकरचं चुंबक त्याला लावून पाहिलं. चिकटायचं थांबलं, म्हणजे पोलाद पुरतं तापलं, तेव्हाच तिनं फक्त धारेकडची बाजू पाण्यापेक्षा सावकाश गार करणाऱ्या करडीच्या जुन्या तेलात धरली. भडका उडाला, धूर झाला. थंड झालेली धार तिनं दगडानं घासून उजळ केली आणि पाठीकडून निखाऱ्यावर मंद शेक दिला. उजळ पोलादावर रंग सरकू लागले. आधी गव्हाच्या काडीचा, मग गुळाचा. गुळाचा रंग धारेला पोचताच तिनं पातं उचलून गार केलं. आणखी थांबली असती तर निळं पडून मऊ झालं असतं. मग सहाणेवर पाणी ओतत ओतत धार लावली, वस्तऱ्यासारखी पातळ नाही, उसाचा मार सोसेल इतकी जाड ठेवून.

रुक्मिणबाईनं वाळक्या बाभळीच्या ओंडक्यावर अंग टाकून घाव घातले. ढलप्या उडाल्या. तिनं धारेवरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"नेते. पर फडात दगा दिला तर फिरून येईन बरं का!"

"ये की. मी कुठं पळून चाललेय?"

टोळ्या निघेपर्यंत लिंबाखाली बायकांची गर्दी हटली नाही. मग एका सकाळी पिराजी काठी टेकत आला.

"आमच्या घराचा शिक्का तुझ्या कोयत्यावर मारू नगंस."

तो तीन टिंबांचा शिक्का शीलाचा नवरा मारायचा. तिनं तो पेटीतून काढून सासऱ्याच्या हातावर ठेवला. मग छिन्नी घेतली आणि त्याच्यासमोरच कोयत्यावर अक्षरं कोरली: शीला.

"मामा, आता काय फुटलं तर नाव माझंच जाईल."

पिराजी तिथंच उभा राहिला. चाचपडत त्यानं पातं हातात घेतलं, नखानं टिचकी मारून आवाज ऐकला. ते खणखणीत वाजलं. पातं ठेवून निघून गेला, आणि पुन्हा कधी त्या लिंबाखाली आला नाही.

व्यंकट मात्र दुसऱ्याच दिवशी धमकी घेऊन आला. "जातीची पंचायत बसवणार हाय मी. तुला बोलावणं येईल."

"येऊ द्या," शीला म्हणाली. "चार कोयते घेऊनच येते. ज्याला वाटतं बाईच्या हातचं पाणी धरत न्हाई, त्यानं समद्यांसमोर एक तरी मोडून दाखवावा."

आणि तिनं पंखा फिरवायला घेतला.