काकूंचा डावा हात

वळण यायच्या बरंच आधी काकू हात बाहेर काढत. कोपरातून वाकवलेला, लाजरा हात नव्हे. खांद्यापासून बोटांपर्यंत सरळ, शाळेतल्या कवायतीसारखा. "हात असा लांब करायचा," त्या मला सांगत, "की मागच्याला वाटलं पाहिजे, हिला धक्का लागला तर आपलाच आरसा तुटेल. माणसाची नसते यार, आरशाची काळजी असते त्यांना."

तुम्ही दिल्लीत सायकल चालवली असेल तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. चालवली नसेल, तरी गाडीच्या काचेतून एखादी सायकल कडेला सरकताना पाहिली असेलच. मला हे नीट लिहिता येईल का, माहीत नाही. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. पण काकूंबद्दल आमच्या गल्लीत अजूनही जे बोललं जातं ते खरं नाही, म्हणून लिहिते आहे.

काकू सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत. एका मंत्रालयात त्या स्टेनो होत्या, निवृत्तीला आल्या होत्या, आणि लग्नाआधीपासून ऑफिसला सायकलने जात होत्या. सलवार-कुर्ता, पायात कॅनव्हासचे बूट, पुढच्या टोपलीत डबा. आम्ही त्यांच्या मागच्या गल्लीत एका भाड्याच्या खोलीत राहायचो. माझे बाबा ड्रायव्हर. सरकारी नव्हेत, ठेकेदारामार्फत एका मोठ्या साहेबांच्या गाडीवर लागलेले. साहेबांनी ठेकेदाराला एक फोन केला की दुसऱ्या दिवशी त्या गाडीवर दुसरा माणूस. हे आमच्या घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण आई बाबांच्या शर्टाची इस्त्री ज्या काळजीने करायची, त्यात ते दिसायचं.

मी कॉलेजला सायकलने जाईन म्हटलं तेव्हा बाबा संतापले. "मी रोज स्टिअरिंगवर असतो. मला विचार, सायकलवाले कुठून कुठून घुसतात ते."

काकू दारातच उभ्या होत्या. "घुसत नाही, भाऊ. रस्त्याला जेवढी जागा उरते तेवढ्यातून जातो. मी नेते हिला. चौकापर्यंत माझ्याबरोबर, पुढे बसची लेन सरळ आहे."

"ताई, पडली-बिडली तर?"

"मी कधी पडले? सायकलवरचा माणूस आपणहून पडत नाही, भाऊ. त्याला पाडतात."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑफिसातले लोक, शेजारी, फरीदाबादचा मुलगा, कोणीही 'या वयात सायकल?' म्हटलं की हेच उत्तर.

बाबांची आणि त्यांची अशी जुंपायची, पण मनापासून. दसऱ्याला आमच्या गल्लीतले सगळे ड्रायव्हर आपापल्या गाड्या धुऊन रांगेत लावत आणि झेंडूचे हार घालत. काकू आपली सायकल नेमकी दोन पांढऱ्या मोटारींच्या मध्ये आणून उभी करत. "ताई, ही गाड्यांची रांग आहे," बाबा म्हणत. "मग ही काय बकरी आहे?" काकू विचारत. बाबा कुरकुरत एक हार तिच्या हँडललाही अडकवत.

सायकलसाठी म्हणून आमच्या रस्त्याच्या डाव्या कडेला हिरवा पट्टा रंगवला होता. पहिल्या दिवशी काकू त्यावरून अगदी मान वर करून गेल्या. आठवडाभरातच पट्ट्यावर मोमोंची गाडी, कपडे घ्यायला आलेल्यांच्या मोटारी आणि एक बिघडलेली रिक्षा उभी राहिली. काकू प्रत्येक मोटारीच्या काचेवर दोनदा टकटक करत आणि म्हणत, "भाईसाहब, हम भी जा रहे हैं।" काच खाली यायची नाही. क्वचित आलीच तर आतून "आंटी, मेट्रो ले लो ना!"

एकदा रविवारी मोठमोठ्या लोकांची सायकल रॅली निघाली होती. प्रदूषण कमी करा, सायकल चालवा, असे फलक. काकू भाजी घेऊन परत येत होत्या. हवालदाराने शिट्टी मारली. "मैडम, साइड में रुकिए। साइकिल रैली जा रही है।"

काकूंनी खाली आपल्या सायकलकडे पाहिलं. "और मैं किस पर बैठी हूँ, बेटा?"

हवालदार तरुण होता, ओशाळला. पण रॅली संपेपर्यंत काकूंना त्याने हलू दिलं नाही. त्याच हवालदाराने पुढे एका दुपारी पोस्टाबाहेरच्या रेलिंगला लावलेल्या त्यांच्या सायकलची हवा सोडली. तिथेच आडव्या उभ्या असलेल्या मोटारीला मात्र हात लावला नाही. काकू भांडल्या नाहीत. सायकल हातात धरून चालत निघाल्या, त्याच्यासमोरून. "मोटारीची हवा काढायला त्याला वरून विचारावं लागतं," त्या मला म्हणाल्या. "माझी काढायला नाही लागत."

त्यानंतर चौकातला कट, म्हणजे दुभाजकातली वळायची फट, बंद झाली. सिमेंटचे अडथळे टाकले आणि उजवीकडे वळणाऱ्यांना पुलाखालून लांबच्या यू-टर्नकडे पाठवलं. मोटारींचं काय, त्या दोन मिनिटांत फिरून येतात. आम्हाला चार वेगवान रांगा ओलांडून उजव्या कडेला जावं लागे. रोज सकाळी तिथे पोचलो की मी आधी मागे वळून पाहायचे. मागून बसचा हॉर्न पाठीत लागल्यासारखा वाजायचा. काकू पुढे, मी मागे. त्यांचा उजवा हात लांब व्हायचा आणि तो खाली येईपर्यंत मी श्वास सोडत नसे.

पण जे घडलं ते तिथे घडलं नाही. घडलं चौकाच्या अलीकडे, हिरव्या पट्ट्यावर, सगळं थांबलेलं असताना.

हिवाळ्यातली सकाळ होती. सिग्नलला मोटारी खोळंबल्या होत्या आणि नेहमी नसतो तसा पट्टा त्या दिवशी मोकळा होता. काकू खुशीत होत्या, जरा वेगात होत्या. एका पांढऱ्या गाडीचं मागचं डावं दार एकदम उघडलं, पूर्ण. आधी मी कोटाची बाही आणि हातातली फाइल पाहिली. मग काकू दारावर आदळल्या आणि डावीकडे फुटपाथच्या कडेवर पडल्या.

ड्रायव्हर धावत उतरला. ते बाबा होते.

साहेब क्षणभर उभे राहिले. "इन्हें हॉस्पिटल ले जाओ। मेरी मीटिंग है, मैं मेट्रो से चला जाऊँगा," असं बाबांना म्हणाले, आणि थोडं थांबून, "देख लेना।" मग निघून गेले. बोलणं उद्धट नव्हतं. फक्त त्यांना घाई होती.

बाबांनी काकूंना उचलून त्याच गाडीत बसवलं. माझी सायकल झाडाला साखळीने बांधली, त्यांची डिकीत कोंबली. काकूंचं डावं मनगट विचित्र वळलं होतं आणि त्या ते दुपट्ट्यात धरून बसल्या होत्या. आरशात बाबांचे डोळे दिसत होते. शेवटी बाबा म्हणाले, "ताई, साहेबांनी पाहिलं नाही हो."

"मला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "कोणीच पाहत नाही."

सरकारी हॉस्पिटलात रस्त्यावरची केस म्हणून हवालदार आला. हा दुसरा होता, वयस्कर. बाकावर काकू, शेजारी मी, समोर बाबा, साहेबांपुढे उभे राहतात तसे हात जुळवून.

"गाड़ी तुम्हारी थी? दरवाज़ा किसने खोला?"

बाबांनी हवालदाराच्या वहीकडे पाहिलं. साहेबांचं नाव घेतलं तर नोकरी गेली, आणि माझं कॉलेजही. स्वतःचं घेतलं तर खोटं ठरणार, कारण मागचं दार उघडायला ड्रायव्हर मागच्या सीटवर कसा असेल? मी तोंड उघडलं. मी पाहिलं होतं, मला सांगायचं होतं, आणि सांगितल्यावर बाबांचं काय होईल हे मला कळत होतं. काकूंनी उजव्या हाताने माझा गुडघा दाबला.

"दरवाज़ा बंद था," त्या म्हणाल्या.

हवालदाराने मान वर केली. "तो फिर?"

"मेरा बैलेंस चला गया। मैं ख़ुद गिर गई।"

बाबांनी झटकन त्यांच्याकडे पाहिलं. काकू पाहत होत्या समोरच्या भिंतीकडे.

हवालदार खुलला. त्याचं काम सोपं झालं होतं. लिहिता लिहिता तो समजावू लागला, "मैडम, इस उम्र में साइकिल? बुरा मत मानिए, मेरी माताजी की उम्र की हैं आप। मेट्रो है, बस है।" एरवी या बोलण्यावर काकूंचं उत्तर तयार असायचं. मी वाट पाहिली. त्या म्हणाल्या, "जी।" आणि उजव्या हाताने सही केली.

तो 'जी' मला अजून ऐकू येतो.

संध्याकाळी बाबा त्यांच्या घरी गेले. मीही गेले. बाबा दारात चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. काकू म्हणाल्या, "भाऊ, आत या. काही बोलू नका. पोरीची परीक्षा जवळ आली आहे." बाबा बसले, चहा प्याले आणि खरंच काही बोलले नाहीत.

पण काकूंचं ते एक वाक्य त्यांच्याच मागे लागलं. फरीदाबादहून मुलगा आला. चांगला मुलगा, आईवर जीव असलेला. "आई, आता तूच पोलिसांना सांगितलंस ना, तोल गेला म्हणून? मग आता बस. बिल्कुल बंद." काकूंकडे त्याला द्यायला उत्तर होतं, पण ते आमच्या घरावर येणारं होतं. प्लास्टर निघालं, पण सायकल जिन्याखालीच राहिली. ऑफिसला त्या रिक्षाने जाऊ लागल्या. भाजीवाला म्हणायचा, "अच्छा किया, आंटी।" खालच्या मजल्यावरच्या बाई म्हणायच्या, "वय झालं की तोल राहत नाही हो." काकू हसून पुढे जात. मी चौकातून एकटी जाऊ लागले.

निवृत्त झाल्यावर त्यांना क्वार्टर सोडावं लागलं. फरीदाबादला मुलाकडे जायचं ठरलं. आदल्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि सायकलची किल्ली दिली. "तुझी जुनी झाली आहे. ही घे. ब्रेक घट्ट आहेत. आणि हात?"

"पूर्ण लांब," मी म्हणाले.

"अच्छा. मग ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. सामान चढवायला गल्लीतले लोक जमले होते, बाबाही होते. काकू पुढे चालकाच्या शेजारी बसल्या. खालच्या बाई निरोप देताना म्हणाल्या, "तिकडे आता आराम करा. बरं झालं, सायकल सुटली. त्या दिवशी तोल गेला, थोडक्यात वाचलात."

बाबांच्या हातात कपाटाची फळी होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"त्यांचा तोल गेला नव्हता," बाबा म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. गल्लीत बाबांचा आवाज इतका मोठा मी पहिल्यांदाच ऐकला. "गाडी माझी होती. मागून साहेबांनी दार उघडलं. ताई सरळ चालल्या होत्या. त्या पडल्या नाहीत, त्यांना आम्ही पाडलं."

गल्लीतले दोन ड्रायव्हर, जे साहेबांच्याच ऑफिसात होते, एकमेकांकडे पाहू लागले. आता ही गोष्ट कुठवर जाईल, हे बाबांनाही कळलेलं होतं. त्यांनी फळी पुन्हा उचलून टेम्पोत ठेवली आणि दोरी आवळली.

काकूंनी खिडकीतून बाबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण टेम्पो सुरू झाला होता, मला ऐकू आलं नाही.

टेम्पो गल्लीच्या टोकाशी गेला. तिथून डावीकडे वळायचं होतं. चालकाने इंडिकेटर लावला नव्हता. वळण यायच्या बरंच आधी डाव्या खिडकीतून एक हात बाहेर आला. प्लास्टर निघाल्यापासून तो पूर्ण सरळ होत नसे, मनगटाशी थोडा वाकायचा. तो खांद्यापासून बोटांपर्यंत लांब झाला आणि मागून येणारी एक मोटार थांबली.