फेनेरची नवी आवृत्ती

रुसे शहरात झ्लातिना पेत्कानोवाला ओळखणारी माणसं दोन प्रकारची. काहींच्या वेबसाइट तिने बांधलेल्या: एक दातांचा डॉक्टर, दोन बेकऱ्या, एक होड्या भाड्याने देणारा. बाकीची म्हणजे दर गुरुवारी सकाळी वाचनघरात तिच्याकडे कॉम्प्युटर शिकायला येणारी म्हातारी मंडळी. त्यांना ती एक छापील कागद द्यायची. ब्राउझरला कोणती एक्स्टेन्शन, म्हणजे वरून जोडायच्या छोट्या सोयी, लावाव्यात, हे त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असे. जाहिराती अडवणारं एक, पासवर्ड सांभाळणारं एक, वाचायचं पान बाजूला ठेवून देणारं एक. तिच्या स्वतःच्या ब्राउझरमध्ये धंद्यापुरती आणखी तीन होती. एक पानावरचा रंग नेमका कुठला ते सांगायचं, दुसरं मापं घ्यायचं, तिसरं अधू नजरेच्या माणसाला पान वाचता येईल की नाही ते तपासायचं. कुठलंही एक्स्टेन्शन महिनाभर स्वतः वापरल्याशिवाय ती कागदावर घेत नसे. कोणी उत्साहाने दहा-बारा लावून आलं की म्हणायची, "एवढ्या लोकांना घराच्या किल्ल्या दिल्यात. सगळ्यांना ओळखता का?"

कागदावर सर्वांत वर नाव होतं फेनेरचं. फेनेर म्हणजे कंदील. ते लावलं की पानाची पार्श्वभूमी गडद व्हायची, अक्षरं मोठी आणि मऊ पिवळी व्हायची, उगाच हलणारं सगळं गप्प बसायचं. ते केलं होतं ओग्न्यान रालेवने. एका कंपनीत झ्लातिना आणि तो अकरा वर्षं एकाच खोलीत, पाठीला पाठ लावून बसले. ती कंपनी बुडाली, पण मैत्री राहिली. आईचे डोळे अधू झाले म्हणून त्याने फेनेर लिहिलं आणि मग फुकट सगळ्यांसाठी ठेवून दिलं. बघता बघता लाखभर लोक ते वापरू लागले. ओग्न्यानला त्याचं फारसं काही वाटत नसे. नवी आवृत्ती काढली की काय बदललं ते तो दोन ओळींत लिहायचा, आणि त्यातही थट्टा असायची. "४.२ : आईने सांगितलं पिवळा फार पिवळा आहे. कमी केला."

ती त्याची शेवटची आवृत्ती. फेब्रुवारीत एका सकाळी स्वयंपाकघरात कॉफी ओतताना तो पडला तो उठलाच नाही. वय एकोणपन्नास. चाळिसाव्या दिवशी त्याच्या आईने, पराश्केवाकाकूंनी, थडग्यापाशी उकडलेले गोड गहू वाटले. झ्लातिनाने ते कागदी पेल्यातून खाल्ले आणि घरी येऊन दातांच्या डॉक्टरचं काम पुढे चालू केलं. दुसरं काय करणार?

जून महिन्यात ती गुरुवारचा कागद नव्याने छापायला बसली. फेनेरचं चित्र घ्यावं म्हणून तिने त्याचं पान उघडलं. आवृत्ती ४.३. नऊ दिवसांपूर्वीची. खाली कर्त्याचं नाव: ओग्न्यान रालेव.

तिने खुर्ची मागे सरकवली. खिडकी उघडी होती, बाहेर लख्ख ऊन होतं, खाली कोणीतरी गालिचा झटकत होतं. आणि तिच्या मानेवर मात्र कोणी गार बोट फिरवावं तसं झालं. काही तांत्रिक गडबड असेल असं तिने मनाला समजावलं. काय बदललं, त्या जागी एक शब्दही नव्हता. आठवड्याने ४.४ आली. तीही मुकी.

पानावर मदतीसाठी म्हणून एक ईमेल पत्ता दिलेला होता, तोही आता वेगळाच होता. तिने त्यावर एकच ओळ लिहिली: "तिथे कोण आहे?" जेवायला बसली तोवर उत्तर आलं.

"प्रिय वापरकर्ते, आपल्या प्रेमळ शब्दांबद्दल आभार. आपल्याला फेनेर आवडलं याचा आनंद वाटतो. आपला, ओग्न्यान."

पुढ्यातलं सूप तसंच राहिलं. तो तिला झ्लाते म्हणायचा, आणि पत्राखाली कधीच सही करायचा नाही.

मग तिने जे पहिल्या दिवशीच करायला हवं होतं ते केलं. फेनेर चालू ठेवून ती एकेक पान उघडत गेली आणि ब्राउझर कुठे कुठे काय पाठवतो ते बघत बसली. प्रत्येक पानाबरोबर त्याचा पत्ता एका अनोळखी ठिकाणी जात होता. बँकेचं पान, दवाखान्याचं पान, चर्चच्या प्रार्थनांचं पान. पान गडद करायचं तर पान वाचावं लागतंच. त्यामुळे ती परवानगी फेनेरला पूर्वीपासून होती, नव्याने कोणी काही विचारलंच नव्हतं. आणि तिच्या कागदावर ते सर्वांत वर होतं.

ओग्न्यानचा धाकटा भाऊ ल्युबेन टायरच्या दुकानात असायचा. तिने विचारताच त्याने लपवलं काही नाही. वसंतात कोणाचं तरी पत्र आलं होतं. आम्ही फेनेर सांभाळू, खातं आमच्याकडे द्या, फक्त नाव तेच राहू द्या. दादाचा फोन ल्युबेनकडेच होता, आणि खातं त्यावरूनच उघडायचं. त्याने खातं देऊन टाकलं आणि आलेल्या पैशांत दादाच्या थडग्याचा दगड घडवला.

"मला वाटलं, नाव राहू द्या म्हणतात म्हणजे चांगली माणसं असतील," हात पुसत तो म्हणाला. पुसून झाले तरी पुसतच राहिला. मग म्हणाला, "आईला यातलं काही ठाऊक नाही."

एक्स्टेन्शन जिथून मिळतात त्या ऑनलाइन दुकानाच्या चालकांकडे झ्लातिनाने तक्रार केली, आणि त्यांच्या उत्तराची वाट न बघता यादी काढली. वाचनघरातली सदतीस माणसं. ती घरोघर गेली. फेनेर काढायची, पासवर्ड बदलून द्यायची, माफी मागायची. कोणी रागावलं नाही, त्याचाच तिला जास्त त्रास झाला. एका निवृत्त खलाशाने तिला चेरीचा मुरंबा बांधून दिला. रस्त्याने जाताना ओळखीच्या दारांवर मृत्यूच्या सूचना चिकटवलेल्या असत, फोटोसकट, ऊन खाऊन पिवळ्या पडलेल्या. पूर्वी ती न बघता पुढे जायची. आता प्रत्येकापाशी थबकायची. वाटायचं, ही माणसं तरी गेली ती गेली का, की तीही कुठून तरी पत्रांना उत्तरं देतायत?

पराश्केवाकाकूंचं घर तिने शेवटी ठेवलं होतं. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन परत आली होती.

काकू अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांनी तिला बसवलं, पुढ्यात बनित्साचा, चीज भरलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचा, तुकडा ठेवला आणि आपणहून कॉम्प्युटर उघडला. फेनेरचं पान समोरच होतं.

"बघ, परवा परत काम केलंय त्याने," त्या म्हणाल्या.

झ्लातिना पडद्यावरून नजर काढून त्यांच्याकडे बघू लागली.

"अशी बघू नकोस. मी वेडी नाही गं. माझ्या हातांनी माती टाकलीय मी त्याच्यावर. पण तिथे लिहिलंय, तर मी रोज बघते."

मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. त्या त्याला पत्रं लिहीत होत्या. गव्हाबद्दल, गुडघ्याबद्दल, दगडावर फोटो नीट बसला नाही त्याबद्दल. प्रत्येक पत्राला उत्तर होतं, आणि प्रत्येक उत्तर एकाच साच्यातलं होतं. गव्हाच्या पत्राखाली लिहिलं होतं: "आपल्या सूचनेबद्दल आभार. पाच तारे द्यायला विसरू नका. आपला, ओग्न्यान."

"दिले मी तारे," काकू म्हणाल्या.

खोटं बोलायचं झ्लातिनाने जिन्यात ठरवलं होतं. मशीन बिघडलंय, दुसरं लावून देते, असं काहीतरी. ते तिला जमलं नाही. तिने त्यांचा हात धरला आणि सांगितलं, "काकू, तो ओग्न्यान नाही. त्याचं नाव घेऊन तिथे दुसरं कोणीतरी बसलंय. तुम्ही काय वाचता ते सगळं त्याला कळतं." ल्युबेनचं नाव मात्र तिने घेतलं नाही.

काकूंनी उठून खोलीचं दार लावलं, जणू बाहेरून कोणी ऐकत होतं, आणि परत येऊन बसल्या.

"म्हणजे इतके दिवस मी एकटी नव्हते," त्या म्हणाल्या. "काढ ते. नको, थांब. कुठे दाबायचं ते सांग. मीच काढते."

त्यांनी दाबलं. कोपऱ्यातला छोटा कंदील नाहीसा झाला, पान एकदम पांढरंफटक झालं आणि काकूंनी डोळे मिटले. तेवढ्यात एक नवीन पान आपोआप उघडलं. झ्लातिनाने ते बंद करायला हात पुढे केला, पण काकूंनी तिचं मनगट धरलं.

"वाच मला."

तिने वाचलं. "तुम्ही आम्हाला सोडून चाललात? फार वाईट वाटतं. का जाताय ते सांगा. आपला, ओग्न्यान." खाली कारणं होती: नीट चालत नाही, दुसरं मिळालं, गरज उरली नाही, इतर.

"इतर," काकू म्हणाल्या.

रिकामी चौकट उघडली. त्यांनी एका बोटाने, अक्षर शोधत शोधत लिहिलं: तू माझा नाहीस. आणि पाठवून दिलं. याला मात्र उत्तर आलं नाही.

नंतरच्या आठवड्यात झ्लातिनाने आपल्या जुन्या कॉम्प्युटरवरून ४.२ चं फोल्डर शोधून काढलं. ओग्न्यानने तिला ते तपासायला दिलेलं होतं. ते तिने काकूंच्या ब्राउझरमध्ये हाताने बसवलं. अशा एक्स्टेन्शनला दुकानातून नवं काही येत नाही. ते आहे तसंच राहतं, आणि एक दिवस ब्राउझर पुढे गेला की बंद पडतं. हेही तिने काकूंना सांगितलं. "मीही तशीच आहे," काकू म्हणाल्या आणि पडद्यावरचा पेपर वाचू लागल्या.

दुकानातलं ते पान सप्टेंबरात काढून टाकलं गेलं. गुरुवारच्या कागदावर आता तीनच नावं आहेत, आणि प्रत्येकापुढे ते आज कोण सांभाळतं, याची नोंद. दर महिन्याला झ्लातिना ती नोंद तपासते. यादीतली माणसं खरीच आहेत का, एवढंच बघायचं असतं, पण पान उघडेपर्यंत तिचा हात माऊसवर जड होतो. नव्या आवृत्तीची तारीख दिसली की आधी ती कर्त्याचं नाव वाचते, मग ते पुन्हा एकदा वाचते.