दोघींनीच जायचं

मुक्ताई माझ्या शेजारची. परभणीकडून येऊन वीस वर्षं झाली, खराडीत एका काचेच्या इमारतीत साफसफाईला जाते. ती तिसरी शिकलेली, मी चौथी. त्यामुळे आमच्यात विद्वान मी.

त्या इमारतीत दर मजल्यावर एक पाटी आहे. बायकांना त्रास दिलेला खपवून घेणार नाही, तक्रार खालील समितीकडे करावी. खाली नावांसाठी चार रेघा, चारही कोऱ्या. मुक्ताई ती पाटी रोज ओल्या फडक्यानं पुसायची. म्हणायची, "मावशी, एवढी स्वच्छ पाटी अख्ख्या पुण्यात नसंल."

अनंत नावाचा सुपरवायझर होता. कपाळाला गंध, तोंडात सारखं 'बेटा, बेटा'. कुणी कुठं काम करायचं ते तोच ठरवायचा. मनात भरेल त्या बाईला एकटीला नवव्या मजल्यावर धाडायचा. तो मजला रिकामा, भाडेकरूच मिळत नव्हता. मग काम बघायला स्वतः वर जायचा. रिकाम्या मजल्याची एवढी काळजी मालकालाही नसेल.

एके दिवशी तिथे त्यानं निकिताला भिंतीशी दाबलं. बावीस वर्षांची पोर, घरात कमावणारी तीच. तिनं हातातली बादली त्याच्या अंगावर ओतली, पळत खाली आली आणि कंपनीच्या हापिसात अर्ज दिला. दुसऱ्या दिवशी तिलाच सांगितलं, "उद्यापासून येऊ नको." कारण लिहिलं होतं, पाणी सांडलं. कुणावर सांडलं, ते लिहायचं राहिलं.

महिना गेला, अर्जाचं उत्तर नाही; विचारलं की म्हणायचे, अर्ज सापडत नाही. मुक्ताई निकिताला घेऊन युनियनच्या हापिसात गेली. तिथले पुढारी उत्तरेश्वर. ते छताकडे बघत म्हणाले, "ताई, हे जरा नाजूक आहे. आधी गणवेशाचा प्रश्न घेऊ."

"भाऊ, मोर्च्याला पोलीस आले की बायांना पुढं करता ना? तवा आम्ही नाजूक नसतो व्हय?"

उत्तरेश्वरांनी पंखा बंद केला, परत चालू केला. "मग काय, संप करायचा?"

"संप नको. काम करायचं. फक्त एकटीनं कुठं जायचं नाही. दोघींनीच जायचं."

सोमवारपासून चाळीस बायका जोडीनं फिरायला लागल्या. एक पुसणार, दुसरी दाराशी उभी. काम झालं निम्मं. अनंत ओरडला, तर मुक्ताई म्हणाली, "साहेब, पाटीवर लिवलंय तसंच करतोय की."

तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांच्या मजल्यावरचे संडास तसेच राहिले. महिनाभर न सापडलेला निकिताचा अर्ज त्या संध्याकाळी सापडला.

मग कंपनीनं बैठक बोलावली, सरोजिनी मॅडम आल्या. आता उत्तरेश्वरांना जोर चढला. "आमच्या भगिनींचा अपमान..."

"भाऊ, पोरीला बोलू द्या," मुक्ताई म्हणाली.

निकितानं सगळं सांगितलं. मग मागून एक बाई उठली, "मला पण." मग दुसरी. पाच जणी उठल्या. मॅडम पाणी प्यायल्या.

"आपण अनंतची दुसऱ्या इमारतीत बदली करू," त्या म्हणाल्या.

"तिथं बाया नाहीत का?" मुक्ताईनं विचारलं.

रीतसर चौकशी झाली आणि अनंत गेला. निकिता कामावर परत आली. पाटीवरच्या चारही रेघा भरल्या. दुसऱ्या रेघेवर नाव मुक्ताईचं.

तेव्हापासून ती त्या पाटीला फडकं लावत नाही. "सोताचंच नाव काय पुसत बसायचं, मावशी? लोक हसतील." ते काम निकिता करते. मुक्ताई दाराशी उभी असते.